ऑगस्टमधलं एक रद्द मत

हिल्मा गेल्यानंतर मी गावच्या हॉलमध्ये जायचं सोडलं. तिथे तिची खुर्ची आहे. खुर्ची हॉलचीच, घडीची, लोखंडी, तशा तिथे पुष्कळ आहेत. पण निवडणुकीच्या दिवशी दारातून आत गेलं की पहिल्याच टेबलामागे जी मांडलेली असते, ती तिची. आमचं लग्न झाल्यावर थोड्याच वर्षांत ती त्या टेबलाशी बसायला लागली, ती शेवटपर्यंत. येणाऱ्याचं नाव शोधायचं, ओळखपत्र बघायचं, मतपत्रिका हातात द्यायची. ओळखपत्र ती सगळ्यांचं बघायची. माझंसुद्धा.

"ओळखपत्र दाखवा," ती म्हणायची.

"अगं, आज सकाळी माझ्या शर्टाचं बटण तू लावून दिलंस."

"बटण चालत नाही. फोटो असलेलं काहीतरी दाखवा, रायनो तुओमेला."

मागे रांगेत उभे असलेले लोक हसायचे. दर वेळी हाच विनोद, आणि दर वेळी लोक हसायचे. आमच्याकडे विनोद फार नसतात, त्यामुळे एक मिळाला की लोक तो टिकवून वापरतात.

नोव्हेंबरच्या निवडणुकीला ती एवढंच करायची. ऑगस्टच्या प्रायमरीला मात्र तिचं आणखी एक वाक्य असायचं. प्रायमरीत पक्ष आपापला उमेदवार ठरवतात. आमच्या राज्यात, मिशिगनमध्ये, तुम्ही कुठल्या पक्षाचे हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच कागद मिळतो. त्यावर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात आणि मधे जाड रेघ असते. कुठल्याही एका पक्षाच्या रकान्यातले गोळे काळे करा, पण त्याच रकान्यात राहा. दोन्हीकडे खूण केलीत तर पक्षांची सगळी मतं बाद. म्हणून हिल्मा प्रत्येकाच्या हातात कागद देताना म्हणायची, "एकच रकाना. रेघ ओलांडायची नाही."

मी दुपारी तिच्यासाठी थर्मासमधून कॉफी घेऊन जायचो आणि भिंतीला टेकून थोडा वेळ थांबायचो. तेवढ्यात ते वाक्य कितीतरी वेळा कानावर पडायचं. मला तिने ते कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझे वडील तांब्याच्या खाणीत होते, युनियनचे होते. आमच्या घरात डेमोक्रॅट असणं म्हणजे आडनाव असण्यासारखं होतं. मी त्या रकान्यातून कधी हललो नाही.

हिल्मा मार्चमध्ये गेली. सकाळची वेळ होती. तिने वेलदोड्याचा पाव भट्टीत ठेवला होता आणि ती कॉफीचं भांडं धूत होती. भांडं पडल्याचा आवाज आला. मी आतल्या खोलीत बूट घालत होतो. एक बूट पायात आणि एक हातात असा मी स्वयंपाकघरात आलो, तर ती जमिनीवर होती.

मी फोन केला. शहरातली रुग्णवाहिका निघाली, पण शहर लांब आहे आणि रस्त्यावर बर्फ होता. गावच्या मदत पथकाचा भोंगा वाजला. हॉलच्या छपरावरच तो भोंगा आहे आणि हॉललाच लागून पथकाच्या गाडीचं गॅरेज आहे. पथकात गावातलीच माणसं, शिकवून तयार केलेली. तिसऱ्या घरातली व्हर्ना साल्मी रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून आली. माझा दुसरा बूट पायात जायच्या आत ती आली होती. तिने हिल्माच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. गाडीतलं झटके देणारं यंत्र लावलं. पुन्हा हात ठेवले. शहरातली माणसं येईपर्यंत ती थांबली नाही. तिच्या कपाळावरचा घाम हिल्माच्या झग्यावर पडत होता.

हिल्मा वाचली नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लोक मला म्हणाले, "पथकाने तुझी बायको वाचवली नाही, मग तुला त्यांचं एवढं काय?" मला त्यांचं हे होतं. शहरातली माणसं हिल्माला घेऊन गेली तेव्हा व्हर्ना माझ्याबरोबर स्वयंपाकघरात थांबली. तिने भट्टी बंद केली. पाव जळायच्या आत बाहेर काढला. घर जळलं असतं तरी मी उठलो नसतो. मग तिने फुटलेलं भांडं उचललं, जमीन पुसली, माझ्या दुसऱ्या पायात बूट घातला आणि म्हणाली, "चल, आपण मागोमाग जाऊ. गाडी मी चालवते."

एवढंच होतं. पण तसं कुणीतरी येणं आणि न येणं यांत काय फरक आहे, ते मला कळलं आहे.

त्या उन्हाळ्यात गावचा प्रमुख निवडायचा होता. उमेदवार दोघं, दोघंही रिपब्लिकन. एक डेल रिंटाला, लाकडाच्या ट्रकांचा मालक. दुसरी व्हर्ना. डेमोक्रॅटांकडून कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये जो जिंकेल तोच प्रमुख. नोव्हेंबर नावापुरता.

डेल वाईट माणूस नाही. हिल्माच्या दफनाच्या वेळी कबर खणायचं यंत्र त्यानेच पाठवलं होतं, मे महिन्यात, जमीन मऊ झाल्यावर. पण पथक बंद करायचं असं तो उघड म्हणत होता. त्याचं म्हणणं असं की शहरातून रुग्णवाहिका येतेच, मग गावात दुसरी गाडी, दुसरं यंत्र, दुसरं गॅरेज कशाला. पुष्कळांना ते पटत होतं. तरुणांना पटत होतं, आणि टोइवोलाही पटत होतं.

टोइवो माझा शेजारी, माझ्याच वयाचा. त्याचं आणि माझं सगळं आयुष्य एकमेकांना टोमणे मारण्यात गेलं. पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी तो म्हणाला, "पथकाची गाडी माझ्याहून म्हातारी आहे, रायनो. तीच कुठेतरी बंद पडेल आणि आपल्यालाच ती ढकलायला लागेल."

"तुझ्याहून म्हातारं काही नाही," मी म्हणालो.

"बरं. मग व्हर्नाला मत देणार तू? त्यासाठी तुला आमच्या रकान्यात यावं लागेल. तुझा बाप थडग्यातून उठून येईल आणि तुझा कान धरेल."

"येऊ दे. कॉफी देईन त्याला."

तो हसला, पण त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं. मलाही वाटलं होतं. मी व्हर्नाला शब्द दिला होता. ती माझ्या अंगणात उभी राहून म्हणाली होती, "रायनो, मी तुझ्याकडे मत मागणार नाही. हिल्माच्या घरात मत मागणं बरं दिसत नाही."

"मागू नकोस," मी म्हणालो. "ते तुझंच आहे."

पण त्याआधी मी केनीलाही शब्द दिला होता. केनी हिल्माच्या बहिणीचा मुलगा. जिल्ह्याच्या मंडळावर जायला तो डेमोक्रॅटांकडून उभा होता आणि त्याच्याविरुद्ध त्याच्याच पक्षातली एक शिक्षिका होती. केनी लहानपणी निम्मा वेळ आमच्याच घरात असायचा. "काका, तुमचं मत धरलंय मी," तो म्हणाला. मी म्हणालो, "धर." हिल्मा असती तर दुसरं काय म्हणाली असती?

दोन पदं वेगळी, दोन माणसं वेगळी, दोघांनाही मी शब्द दिलेला. माझ्या डोक्यात यात कुठेच अडचण नव्हती.

जूनमध्ये मी निवडणुकीचं काम बघणाऱ्या गावच्या क्लार्ककडे, लॉरेनकडे, टपालाने मत द्यायचा अर्ज केला. आयुष्यात पहिल्यांदा. ती पंपावर भेटली तेव्हा म्हणाली, "तू? टपालाने? हॉल तुझ्या दारात आहे, रायनो."

"गुडघा दुखतो," मी म्हणालो.

तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "पाठवते," ती म्हणाली. हिल्माबरोबर तिने किती निवडणुका काढल्या होत्या. तिला गुडघा कळला.

लिफाफा आला. मी तो पाव कापायच्या फळीशेजारी ठेवून दिला आणि बरेच दिवस उघडला नाही. शेवटी एका दुपारी टेबलाशी बसलो. मतपत्रिका लांबलचक होती. वर बारीक अक्षरांत सूचना होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. मी नावं शोधत होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन मी पुढे ढकललेलं, कारण कुणीतरी नेऊन आणायला लागतं. केनीचं नाव सापडलं, गोळा काळा केला. मग रेघेच्या पलीकडे गेलो. तिकडे बघताना मला कसंसंच झालं, शेजाऱ्याच्या खिडकीतून आत बघितल्यासारखं. व्हर्ना साल्मी. गोळा काळा केला, नीट, कडेपर्यंत. पेन्सिल चालत नाही हे मला माहीत होतं, हिल्माने कधीतरी सांगितलेलं. मी काळं पेन घेतलं होतं. त्याचं मला समाधान वाटलं. मागच्या बाजूला रस्त्यासाठी कर घ्यावा का असा प्रश्न होता, त्याला हो म्हटलं.

कागद आतल्या पाकिटात घातला, बाहेरच्या लिफाफ्यावर सही केली. मग लिफाफा घेऊन लॉरेनच्या घरी गेलो. हॉलच्या पेटीत टाकायचा म्हणजे हॉलपर्यंत जायला लागलं असतं.

लॉरेनने लिफाफा उलटा करून बघितला. "सही आहे. बरोबर आहे. घट्ट बंद केलास ना?"

"केला."

"झालं मग." ती आत काय आहे ते विचारणार नव्हती. आमच्याकडे ते कुणी कुणाला विचारत नाही. लोक एकमेकांची दुखणी सांगतात, सुनांची भांडणं सांगतात, पण आतल्या कागदाचं विचारत नाहीत.

मी घरी आलो आणि हिल्माच्या फोटोला सांगितलं की झालं. त्यात मला लाज वाटत नाही. इतर दिवशी तिला सांगण्यासारखं काही नसायचं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंपावर गर्दी होती. केनी मोठ्या फरकाने जिंकला होता. त्याने मला दारातच मिठी मारली. "काका! तुमच्यामुळे!" तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. गावच्या प्रमुखाचा निकाल मात्र लागला नव्हता. डेलला आणि व्हर्नाला सारखीच मतं पडली होती.

"सारखी म्हणजे?" मी विचारलं.

"सारखी म्हणजे सारखी," टोइवो म्हणाला. "तुझं मत व्हर्नाला, माझं डेलला, चल हिशेब मिटला."

पुढच्या आठवड्यात सगळी मतं जिल्ह्याच्या लोकांनी पुन्हा तपासली. आकडा तोच. मग व्हर्नाला पत्र आलं की कोर्टाच्या इमारतीत या, चिठ्ठ्या काढायच्या आहेत. मतं सारखी झाली की आमच्या राज्यात तसंच करतात. दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात. एकीवर 'निवडला', दुसरीवर 'निवडला नाही'.

चिठ्ठीच्या दिवशी सकाळी व्हर्ना माझ्याकडे आली. "तू चालवशील का गाडी? माझे हात आज नीट नाहीत. त्यांनी स्टिअरिंग धरवत नाही मला."

मार्चमध्ये ती मला घेऊन गेली होती. आता मी तिला घेऊन निघालो. सरोवराजवळच्या वळणावर ती म्हणाली, "हरले तर पथकाची माणसं शहरात जाऊन काम करतील म्हणे. कोण जाणार आहे एवढ्या लांब? मी जाणार नाही."

"तू हरणार नाहीस," मी म्हणालो.

कोर्टाच्या इमारतीतल्या खोलीत डेल आधीच आला होता, स्वच्छ शर्ट घालून. टोइवो त्याच्याबरोबर आला होता, गंमत बघायला. लॉरेन होती. जिल्ह्याच्या क्लार्कबाई टेबलाशी बसल्या होत्या. काही पेपरातली माणसं होती. बाईंनी सगळ्यांना सांगितलं की मतं कशी तपासली, काय मोजलं, काय मोजलं नाही.

"मोजलं नाही म्हणजे?" पेपरातल्या एकाने विचारलं.

"एक मत रद्द आहे," बाई म्हणाल्या. "टपालाने आलेलं. मतदाराने दोन्ही पक्षांच्या रकान्यांत खुणा केल्या आहेत. एक इकडे, एक तिकडे. कायद्याप्रमाणे पक्षांच्या भागातलं काहीच मोजता येत नाही. मागच्या बाजूचं करावरचं मत फक्त मोजलं."

मला ऐकू आलं. आधी शब्द ऐकू आले, मग त्यांचा अर्थ यायला जरा वेळ लागला. रेघ. एकच रकाना. ती भिंत, तो थर्मास, हिल्माचा आवाज. कितीतरी ऑगस्ट महिने मी ते ऐकत उभा होतो.

"कोण हा विद्वान?" टोइवो मोठ्याने म्हणाला. "दोन्ही डगरींवर पाय!"

लोक हसले. डेल हसला नाही. तो म्हणाला, "हॉलमध्ये येऊन मत दिलं असतं तर यंत्राने कागद परत फेकला असता. दुसरा कागद मिळाला असता. घरी बसून करतात आणि असं होतं."

"ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "यंत्र सांगतं. घरच्या टेबलाला ते सांगता येत नाही."

लॉरेनने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मुद्दाम बघितलं नाही, ते मला दिसलं.

मग त्यांनी डबा आणला. साधा पत्र्याचा डबा होता, नाताळात बिस्किटं येतात तसला. डेल म्हणाला, "व्हर्ना, आधी तू काढ." व्हर्नाने डोळे मिटून हात घातला. मी तिच्या हातांकडे बघत होतो. तेच हात.

तिने चिठ्ठी उलगडली आणि वाचून बाईंच्या हातात दिली. बाईंनी वाचलं: "निवडला नाही."

डेलने तिचा हात हातात घेतला. "व्हर्ना, मला असं जिंकायचं नव्हतं," तो म्हणाला. मला वाटतं तो खरंच बोलत होता.

"मलाही असं हरायचं नव्हतं," ती म्हणाली.

आम्ही परत निघालो. मी वेग कमी केला होता, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. शेवटी मी गाडी बाजूला घेतली.

"व्हर्ना, ते मत माझं होतं."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"लॉरेनने मला सांगितलं होतं की कुणाच्या नावांवर खुणा आहेत. कागद कुणाचा हे तिलाही माहीत नव्हतं. पण केनी आणि मी? आपल्या गावात केनीला आणि मला दोघांनाही हो म्हणणारा माणूस एकच आहे." तिने गाडीची काच थोडी खाली घेतली. "मला मागच्या आठवड्यातच कळलं होतं, रायनो. तरी मी तुलाच घेऊन आले. का ते मला माहीत नाही. तुला बघून राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. काहीच आलं नाही."

"मी हॉलमध्ये यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं."

ती तसं म्हणाली नसती तर मला जास्त वाईट वाटलं असतं. पण म्हणाली म्हणून कमी वाटलं असंही नाही. मी गाडी सुरू केली. तिच्या घरापाशी ती उतरली आणि दार हळू लावलं. तिने कधीच कुठलं दार आपटलं नाही.

नोव्हेंबरमध्ये मी हॉलमध्ये गेलो. आता न जाण्यात काही अर्थ नव्हता. पहिल्या टेबलामागच्या खुर्चीत लॉरेनची वहिनी बसली होती. तिने ओळखपत्र मागितलं. मी दिलं. मागे रांग होती, पण कुणी हसलं नाही. कुणी हसेल असं मी काही बोललोच नाही.

मतपत्रिकेवर गावच्या प्रमुखासाठी एकच नाव होतं. तो गोळा मी तसाच पांढरा ठेवला. मग कागद यंत्रात सरकवला. यंत्राने तो लगेच आत घेतला. काही आवाज केला नाही, काही विचारलं नाही. सगळं बरोबर आहे असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो असणार, कारण खुर्चीतून ती बाई म्हणाली, "झालं तुमचं, मिस्टर तुओमेला. जाऊ शकता."

डेलने शब्द पाळला. त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही, त्याने जे करीन म्हटलं तेच केलं. नाताळाच्या आधी पथकाची गाडी कुणीतरी घेऊन गेलं. टोइवो म्हणायचा तशी ती बंद पडली नाही. किल्ली फिरवताच सुरू झाली. बोलावणं आलं की वाजणारा व्हर्नाच्या खिशातला पेजर आणि झटके देणाऱ्या यंत्राची पेटी लॉरेनने सही घेऊन परत नेली. छपरावरचा भोंगा तसाच आहे, उतरवायला शिडी लांब लागते म्हणून.

फेब्रुवारीत एका सकाळी टोइवोच्या बायकोचा फोन आला. "रायनो, टोइवो पडलाय. सौनात वाफ घेऊन बाहेर आला आणि पडला. शहरातली गाडी निघालीय म्हणतात. तू ये."

"व्हर्नाला फोन केलास?"

"केला. येतेय. पण तिच्याकडे आता काहीच नाही ना."

मी गेलो. गुडघा खरंच दुखत होता. टोइवो स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता, अंगावर टॉवेल. मी त्याच्या डोक्याखाली उशी घातली आणि लगेच आठवलं की ते चुकीचं असेल. म्हणून काढली. मला काही येत नव्हतं. मी म्हणालो, "ऊठ, म्हाताऱ्या. गाडी ढकलायची आहे." तो उठला नाही.

व्हर्ना आली, कोट तसाच रात्रीच्या कपड्यांवर. तिच्याबरोबर गाडी नव्हती, पेटी नव्हती, नुसते हात होते. तिने ते टोइवोच्या छातीवर ठेवले आणि सुरुवात केली. मी आणि टोइवोची बायको बघत होतो. व्हर्ना थकली तेव्हा तिने मला दाखवलं कुठे दाबायचं, आणि मी दाबलं, आणि मला जमलं नाही, आणि मग तिने पुन्हा घेतलं. बर्फ चांगलाच पडत होता. शहरातली माणसं आली तेव्हा तिचे खांदे पार गळून गेले होते. त्यांनी यंत्र लावलं. यंत्राने काही केलं नाही.

ते यंत्र आधी असतं तर टोइवो वाचला असता का, मला माहीत नाही. हिल्माच्या वेळी होतं, तरी ती वाचली नाही. व्हर्नालाही माहीत नसेल. पण ती त्याच्या बायकोसमोर तसं म्हणाली नाही आणि माझ्यासमोरही नाही.

ते टोइवोला घेऊन गेले. त्याची बायको कोट घालायला आत गेली. व्हर्ना मोरीशी हात धूत उभी होती. पाणी वाहत होतं आणि ती हात धूतच होती. माझ्याकडे तिने वळून बघितलं नाही. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत असेल, किंवा बोलू नये असं वाटत असेल.

शेगडीवर कॉफी उतू चालली होती, जळका वास येत होता. मी उठलो आणि शेगडी बंद केली.